देवीच्या आधी वाचलेलं गाऱ्हाणं

हरेश्वरकाकांना ऐकू येईनासं झालं, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्या गावदेवीला दर मंगळवारी आरतीनंतर गाऱ्हाणी घालतात. ज्याला जे मागायचं ते त्यानं काकांच्या कानात सांगायचं आणि काकांनी गाभाऱ्यात वाकून ते देवीच्या कानी घालायचं. मध्ये आणखी कोणी ऐकायचं नाही. ऐकलं तर गाऱ्हाणं फळत नाही, अशी गावाची समजूत. त्यामुळे आमच्याकडे कोणी कोणाला ‘देवीकडे काय मागितलंस’ असं विचारत नाही. पगार विचारतील, वजन विचारतील, लेकाचं ठरलेलं लग्न का मोडलं ते तर खोदून खोदून विचारतील, पण हे नाही. आता ज्याच्या कानात कुजबुजायचं तोच माणूस “काय? मोठ्यानं बोल!” म्हणायला लागला तर करायचं काय? हिरामणदादानं आपल्या मूळव्याधीचं गाऱ्हाणं घातलं ते चपला काढायच्या जागेपर्यंत ऐकू गेलं. पुढचे दोन महिने तो कुठेही गेला की लोक त्याला अगत्यानं गादीची खुर्ची द्यायचे.

मी धनेश. गोखिवऱ्यात एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. खाली नळाचे व्हॉल्व्ह बनतात, वर आम्ही त्या व्हॉल्व्हवाल्यांसाठी प्रोग्राम बनवतो. हिरामणदादाची फजिती बघून मला वाटलं, आपल्या विद्येचा गावाला काही उपयोग व्हावा. मी एक वेबपेज बनवलं. घरबसल्या फोनवर गाऱ्हाणं लिहायचं, लिहिता येत नसेल तर बोलायचं, फोन ते आपोआप टाइप करतो. मंगळवारी काकांच्या फोनवर ती सगळी मोठ्या अक्षरांत येतात. काका पोस्टातून रिटायर झालेले, डोळे अजून तेज. ओठांतल्या ओठांत ते देवीला वाचून दाखवतात आणि झालं की पुसून टाकतात. बाकीच्यांना पेजवर दिसतो फक्त आकडा: या मंगळवारी देवीपुढे इतकी गाऱ्हाणी. आकड्याची कल्पना हरेशची. हरेश माझा चुलतभाऊ आणि देवस्थान मंडळाचा सेक्रेटरी. त्याला आकडा वाढलेला बघायला आवडतो, मग तो दुःखांचा का असेना.

पेज जोरात चाललं. नालासोपारा, विरार, पार बहरीनला गेलेल्यांची गाऱ्हाणी यायला लागली. तक्रार एकच होती: आकडा यायला फार वेळ लागतो.

त्याचं कारण असं. गाऱ्हाणी साठवायला मी इंटरनेटवर एक फुकटची कोठी घेतली होती. पेज आणि कोठी यांच्यामध्ये सर्व्हरवर माझा एक छोटा प्रोग्राम बसलेला. पेजनं त्याला विचारायचं, त्यानं कोठीत जायचं, यादी काढायची, मोजायची आणि पेजला फक्त आकडा सांगायचा. कोठीची चावी त्याच्याकडेच. पण तो सर्व्हरही फुकटचा. पंधरा मिनिटं कोणी हाक मारली नाही की झोपायचा, आणि उठायला मिनिटभर घ्यायचा. हरेश रोज फोन करून सांगायचा, “अरे, ते गोल गोल फिरतच राहतं. लोक म्हणतात देवी झोपली काय!”

एका बुधवारी वैतागून मी तो मधला प्रोग्रामच काढून टाकला. पेज स्वतःच, फोनमधल्या ब्राउझरमधून, थेट कोठीला विचारील अशी सोय केली. ब्राउझर आधी अडला. परक्या दाराहून आलेलं उत्तर तो तिथल्या मालकाची परवानगी असल्याशिवाय हातात देत नाही, लाल अक्षरांत नकार देतो. बिचारा आपलं काम करत होता. मी कोठीच्या सेटिंगमध्ये गेलो आणि ‘कुठूनही विचारलं तरी चालेल’ यावर खूण केली. आकडा क्षणात आला. हरेशनं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, ‘धनेशनं देवीला जागं केलं.’ मी पण चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

दहा वर्षं मी हे काम करतोय. ऑफिसात दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला सोलून काढला असता. पण हे पडलं घरचं काम, देवाचं काम, त्यात कोण दोनदा तपासतो.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी डबा खाताना मी ते पेज लविनाला दाखवलं. लविना माझ्याच टेबलासमोर बसते. आमच्या ऑफिसातलं कोणतंही काम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिच्या नजरेखालून जातं. मला वाटलं, म्हणेल, काय वेग आहे! तिनं एक बटण दाबलं, खालून एक पट्टी उघडली, त्यात दोन ओळी वाचल्या असतील नसतील, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवून स्वतः खिडकीकडे तोंड केलं.

“धनेश, हे तू बघ. मी पहिली ओळ वाचली, पुढचं नाही वाचलं.”

पट्टीत सगळी गाऱ्हाणी होती. सदतीसच्या सदतीस, शब्दन् शब्द. कोठीला आकडा सांगता येतच नव्हता, ती यादी देत होती. पूर्वी ती यादी सर्व्हरपर्यंत येऊन थांबायची. आता ती प्रत्येकाच्या फोनवर उतरत होती आणि माझं पेज तिथे बसून मोजत होतं. पोस्टमनला विचारावं, आमच्या आळीची पत्रं किती, आणि त्यानं अख्खी थैली आपल्या ओटीवर ओतून म्हणावं मोजून घ्या, तसं. कोठीची चावीसुद्धा त्याच पेजमध्ये लिहिलेली, कोणीही उचलावी.

“किती दिवस असं आहे?” लविनानं विचारलं.

“नऊ दिवस.”

“आमच्या फादरांनी कन्फेशनच्या खोलीचं दार काढून ठेवलं असतं तर लोकांनी त्यांचं काय केलं असतं, माहितीये?” ती रागावली की हळू बोलते. “आधी बंद कर. मग विचार करू.”

बंद करायला मी हात पुढे केला. बंद करण्याआधी नजर यादीवरून खाली गेली. मुद्दाम नाही गेली, पण मी ती आवरलीही नाही. शेवटून दुसरं गाऱ्हाणं आदल्या दिवशीचं होतं. बोलून टाइप झालेलं, त्यात स्वल्पविराम नाही, काही नाही.

‘आई माझी बहीण द्वारका राजोडीला पडून आहे तिला मी पोचेपर्यंत ठेव आणि धनेशच्या तोंडून एवढं निघू दे की आई तू जा तिच्याकडे राहा मी परत विचारलं तर तो नाही म्हणणार नाही पण तोंड पाडेल आणि मला त्याचं पडलेलं तोंड घेऊन जायचं नाही’

नाव लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. माझ्या आईचं, कृष्णाबाईचं, गाऱ्हाणं होतं ते.

द्वारकामावशी आईची धाकटी बहीण. तिला मूलबाळ नाही, तिचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात तिची उजवी बाजू गेली. शेजारची रीमा दोन वेळचं जेवण भरवते, रात्री कडी लावून जाते. आम्ही एव्हरशाईनच्या वसाहतीत राहतो. राजोडी तिथून बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे परदेश नव्हे. मी दर रविवारी आईला स्कूटरवर घेऊन जायचो, दोन तास बसायचो, परत आणायचो. दिवाळीच्या सुमारास जेवताना आईनं एकदाच विचारलं होतं, “मी थोडे दिवस द्वारकीकडे राहू काय?” मी म्हणालो होतो, “आई, तुझीच शुगर वरखाली होते. तिथे तुला कोण बघणार? दर रविवारी नेतो ना मी!” केवढ्या मायेनं बोललो होतो! बायको दिपिका रात्री म्हणाली, “जाऊ दे की त्यांना.” मी म्हटलं, “मग रिद्धीचं काय?” दिपिकाची नोकरी अंधेरीला, माझी ही अशी. आमच्या रिद्धीला शाळेच्या बसमधून उतरवून घेणं, तिला जेवायला घालणं, आमचे डबे, संध्याकाळची भाजी, सगळं आई करते. शुगरचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण शुगर हा मुळी विषय नव्हताच.

मी पेज बंद केलं, चावी बदलली. कोठीच्या हिशेबात दिसत होतं, नऊ दिवसांत चारशे बारा वेळा यादी दिली गेली. त्यातल्या किती जणांनी ती पट्टी उघडून पाहिली ते कळायला मार्ग नव्हता.

हरेशला फोन केला. तो म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या गावात कोण तसली बटणं दाबतंय? पेज बिघडलं होतं, दुरुस्त केलं, विषय संपला.” खरं सांगतो, मला ते पटलं होतं. पण लविना सोमवारी माझ्याकडे ज्या नजरेनं बघणार होती ती मला आत्ताच दिसत होती. शनिवारी मी काकांकडे गेलो. एवढी गोष्ट त्यांच्या कानात ओरडून कशी सांगायची? म्हणून त्यांच्याच फोनवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दिली. सवयीनं त्यांनी ती ओठ हलवत वाचली, देवीला वाचतात तशी. मग फोन उलटा ठेवला.

“मंगलवारी सगल्यांसमोर सांग,” ते म्हणाले. “ज्याचं गाऱ्हानं हाय त्याला ठरवू दे, परत घालायचं का नाय. आपन कोन लपवनारे?”

रविवारी सकाळी आई साडी बदलून तयार बसली. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, मधला प्रोग्राम परत लिहीत होतो. म्हणालो, “आई, आज राजोडी राहू दे. देवळाचं काम आहे, मंगळवारच्या आधी व्हायला पाहिजे.” आई म्हणाली, “देवीचं काम आधी.” आणि साडीची पिन काढून भाजी निवडायला बसली.

तिच्या पाठीकडे बघत मी विचार केला, आत्ताच बोलावं का? दोन शब्द होते. पण ते बोललो तर तिला कळेल की मी वाचलं, आणि तिच्या लेखी गाऱ्हाणं मोडेल. माझा नसला तरी तिचा या गोष्टींवर विश्वास आहे, तो आपण का तोडायचा? बरं, मंगळवारनंतर आठवड्याभरानं सहज विषय काढावा, म्हणजे तिला वाटेल देवीनंच बुद्धी दिली. असा मोठा शहाणपणाचा विचार मी केला. आता वाटतं, माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही. रिद्धीच्या बसची सोय लावायला मला अजून आठवडा हवा होता, एवढंच त्याच्या तळाशी होतं.

मंगळवारी देऊळ भरलेलं होतं. आई बायकांमध्ये पुढे बसली होती. आरती झाल्यावर काकांनी मला हात धरून उभं केलं, “मोठ्यानं बोल.” मी बोललो. सर्व्हर, ब्राउझर हे शब्द काढून टाकले. म्हणालो, “तुमची गाऱ्हाणी मी ज्या पेटीत ठेवत होतो तिचं झाकण नऊ दिवस उघडं राहिलं. चूक माझी. ज्याला बघायचं असतं त्याला सगळं वाचता आलं असतं. कोणी वाचलं का ते मला सांगता येत नाही.”

पहिला हिरामणदादा उठला, “म्हंजे माझं परत गावभर?” लोक हसले. हसू मिटलं तसा मागून कोणीतरी ओरडला, “तुला कोनी सांगितलं होतं हे धंदे करायला?” त्याला मी काय सांगणार, मीच मला सांगितलं होतं. एक तरुण बाई प्रसाद न घेता उठून गेली. तिला मी ओळखत नाही. तिनं काय मागितलं होतं तेही मला माहीत नाही, पण ती चपला हातात घेऊनच फाटकाबाहेर पडली आणि मला पहिल्यांदा खरोखर कळलं की मी काय करून बसलोय. लाज वाटली. असली लाज की घाम फुटतो.

काकांनी सगळ्यांना सांगितलं, ज्याला परत घालायचं असेल त्यानं आज कागदावर लिहून द्या. पंधरा-वीस जणांनी लिहिलं. आईनं लिहिलं नाही.

ती देवळाच्या मागे तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, “माझं वाचलंस?”

खोटं बोलायची पूर्ण तयारी मी घरून करून आलो होतो. एक शब्दही जमला नाही. “हो,” मी म्हणालो. “आई, माफ कर. तुझं गाऱ्हाणं माझ्यामुळे—”

“कवा वाचलंस?”

“शुक्रवारी. ऑफिसात.”

तिनं बोटांवर दिवस मोजले. खरोखर मोजले, अंगठ्यानं एकेक पेर दाबत. “शुक्रवार, शनवार, रयवार, सोमवार, आज मंगलवार.” मग माझ्याकडे वळली. “देवीला तर आज कलनार होतं. तिच्या आधी तुला कललं. आनि तू काय केलंस?”

“पेज बंद केलं. चावी बदलली. काकांना सांगितलं. रविवारी सगळं परत—”

“ते सगल्या गावाचं केलंस. माझं काय केलंस?”

मी पायरीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिलो.

“मी देवीकडे काय मागितलं होतं रे? तुझ्या तोंडचे चार शब्द. ते काय देवीच्या पेटीत होते?” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “मी म्हनत होते, त्याला ठाऊक नाय, म्हनून बोलत नाय. ठाऊक झालं की बोलंल. चार दिवस तुला ठाऊक होतं. माझ्यासमोर बसून चार दिवस जेवलास.”

नऊ दिवस उघडं राहिलेलं झाकण, चारशे बारा वेळा गेलेली यादी, माफी, सगळं मी तयार करून आणलं होतं. हिनं त्यातलं काहीच मागितलं नव्हतं. गाऱ्हाणं भलतीकडे पोचलं याचं तिला दुःखच नव्हतं. ते बरोबर माणसाकडे पोचलं होतं आणि तिथून उत्तर आलं नाही, याचं होतं. मला रडू आलं, चाळिशीच्या माणसाला तळ्याच्या पायरीवर येऊ नये तसं.

“आई, तू जा मावशीकडे,” मी म्हणालो. “आत्ता जा. लागतील तेवढे दिवस राहा. रिद्धीचं मी बघतो. मनापासून सांगतो.”

तिनं माझं तोंड नीट निरखून पाहिलं. पडलेलं आहे का बघत असणार. मग उठली.

“रिक्षा बघ.”

“मी सोडतो. आधी घरी जाऊन तुझे कपडे—”

“द्वारकीच्या साड्या हायत. गोल्या पिशवीत हायत. तू घरी जा, दिपिका यायची वेल झाली, पोरगी शेजारी बसलेय.” तिच्या औषधाच्या गोळ्या पिशवीत होत्या. त्या तिनं गुरुवारपासूनच पिशवीत ठेवल्या असाव्यात, हे मला नंतर सुचलं.

फाटकापाशी रिक्षा मिळाली. राजोडीचं नाव ऐकून रिक्षावाल्यानं कुरकुर केली, तिनं त्याला एका वाक्यात गप्प केलं आणि आत बसली. मला “सांभालून जा” म्हणाली, नेहमीसारखं.

घरी जाऊन मी दिपिकाला सगळं सांगितलं. ती उद्या अर्धी रजा टाकते म्हणाली. मी कुकर लावला. डाळीत पाणी किती घालायचं ते मला रिद्धीला विचारावं लागलं.

आठ वाजता आईचा फोन आला.

“पोचले,” ती म्हणाली. मागे समुद्राचा वारा ऐकू येत होता, मावशीचं घर किनाऱ्याला लागूनच आहे. “द्वारकीनं वलखलं मला. हात धरून बसलेय.”

“मावशीला फोन दे ना, बोलतो मी.”

तिनं आवाज उतरवला.

“ती आता बोलत नाय, धनेश. काल सकालपासून वाचा गेली. रीमा सांगते, रयवारी दिवसभर बोलत होती. दाराकडे बघून सारखी विचारत होती, ताई कवा येनार.”

मी काही म्हणण्याआधीच तिनं विचारलं, रिद्धी जेवली काय. मी म्हणालो, जेवते आहे.